निळं मागितलं, गुलाबी फुललं : आमची वाटचाल

आईनं परड्यात लावलेल्या हायड्रेंजियाच्या, म्हणजे गुच्छानं फुलणाऱ्या एका बुटक्या फुलझाडाच्या, छाटकलमांवर आमची नर्सरी उभी राहिली. जागा खानापूरच्या वाटेवर, लाल जांभ्याची. तिथं ते झाड दरवर्षी निळं फुलायचं, म्हणून आम्ही निळं म्हणूनच विकायचो. बारा वर्षं त्यावर निघाली.

मग बेळगावच्या पूर्वेला रस्त्याकडेची मोठी जागा घेतली, कर्ज काढून बोअर मारली. त्याच वर्षी एका हॉलवाल्यांनी वैशाखातल्या लग्नासाठी निळ्या फुलांच्या 200 कुंड्या सांगितल्या. माती खानापूरहून ट्रॉलीनं आणलेली, त्यामुळं मी निर्धास्त. कळ्या फुटल्या त्या फिकट जांभळ्या, आठवड्यात सरळ गुलाबी! बोअरचं पाणी चुनखडीचं. वर्षभर तेच घालून मातीची आम्लता आम्हीच मारली होती. मातीचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (कमी तितकी माती जास्त आम्ल), साडेपाचच्या खाली असला की मुळांना ॲल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं होतं. साडेसहाच्या वर गेला की ते मातीत असूनही मिळत नाही. वर मी डीएपी खत टाकत होतो. त्यातला फॉस्फरस उरलंसुरलं ॲल्युमिनियम धरून ठेवतो. हे कळेपर्यंत ऑर्डर हातची गेली होती.

जवळच्याच एका नर्सरीवाल्यानं गावभर सांगितलं, ''रंग घालून विकतात, वर्षात उतरतो.'' झाड रंग का बदलतं हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. ते मी विसरलेलो नाही. दोन वर्षं हप्ते बायकोच्या पाटल्यांवर गेले.

तेव्हा टिळकवाडीतल्या आमच्या बाई, निवृत्त शिक्षिका, रिक्षा करून आल्या. दहा गुलाबी कुंड्या पूर्ण किमतीला घेतल्या. म्हणाल्या, ''रंग बदलला म्हणून झाड खोटं होतं होय रे?'' पुढं ओळखीपाळखीची माणसं त्याच पाठवत राहिल्या.

आता शेडच्या पन्हळीखाली टाक्या आहेत. हायड्रेंजियाला पावसाचंच पाणी. कळी धरायच्या आधी, माती ओली करून, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा ॲल्युमिनियम सल्फेट. पांढऱ्या जातीवर हा खर्च करू नका, ती निळी होत नाही.

आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, जपून चालवा. माझं वडिलांच्या हातचं आहे, मूठ झिजलीय, पण पात्याला रोज तेल लागतं. फुलं सुकली की लगेच, खालच्या जाड डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर काप घ्या. बरेच जण दिवाळीनंतर झाड ‘साफ’ करतात आणि मग फूल येत नाही म्हणून आमच्याकडे तक्रार आणतात. जुन्या फांदीवरच कळी धरते, ती तुम्हीच कापून टाकलेली असते. दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी उठली नाहीत तरच घाला. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

गेल्या उन्हाळ्यात त्याच जवळच्या नर्सरीवाल्याकडून 50 निळ्या कुंड्यांची मागणी आली. मी दिल्या नाहीत.