केक्स्ट उतरवण्याचा माझा अनुभव

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो क्लोनवर (छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाच्या नकलांवर) बहुतेक वेळा सीएच३४० ही यूएसबी-सीरियल चिप असते. मॅकओएस हाय सिएरावर (१०.१३) तिच्यासाठी वेगळा केक्स्ट, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चढणारा ड्रायव्हर, घालावा लागायचा. मोजावेपासून (१०.१४) ॲपलने स्वतःचाच ड्रायव्हर दिला. त्यामुळे मी अपग्रेड केल्यावर एकाच बोर्डाचे दोन पोर्ट दिसू लागले. जुना केक्स्ट काढणं भाग होतं.

टर्मिनलमध्ये आधी केक्स्टस्टॅट ही चढलेल्या केक्स्टची यादी देणारी आज्ञा चालवली. ॲपलच्या ओळी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने गाळल्यावर चार-पाचच उरल्या. त्यातल्या सीएच३४०च्या ओळीतला बंडल आयडी (केक्स्टचं सिस्टिममधलं नाव) जसाच्या तसा टिपून घेतला. 'रेफ्स' रकान्यात शून्य होतं, म्हणजे दुसरा कोणताही केक्स्ट याच्यावर अवलंबून नव्हता.

मग सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) केक्स्ट उतरवणारी आज्ञा दिली: केक्स्टअनलोड, -बी आणि तो आयडी. नकार आला: केक्स्ट वापरात आहे. इथे बरेच जण चक्रावतात, कारण रेफ्स तर शून्य असतं. पण तो आकडा फक्त इतर केक्स्टचा. बोर्ड जोडलेला असताना आयओकिटने (मॅकची ड्रायव्हर सांभाळणारी यंत्रणा) ड्रायव्हरचा जो ऑब्जेक्ट तयार केलेला असतो, तो त्यात मोजला जात नाही, आणि कोणी पोर्ट उघडून बसलं असेल तर तो ऑब्जेक्ट सुटत नाही. पोर्टच्या फाइलवर एलएसओएफ (फाइल कोणी उघडली आहे ते सांगणारी आज्ञा) चालवताच उघडा राहिलेला सीरियल मॉनिटर सापडला. तो बंद केला, केबल काढली, पुन्हा तीच आज्ञा दिली. केक्स्ट उतरला.

पण फाइल /लायब्ररी/एक्स्टेन्शन्समध्ये राहिली तर बोर्ड जोडताच केक्स्ट परत चढतो. म्हणून बंडल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं (लगेच पुसून टाकू नये), त्या डिरेक्टरीवर सुडो टच चालवून कॅशे नव्याने बनू दिला आणि मॅक रीस्टार्ट केला.

उलट दिशेने, म्हणजे केक्स्ट चढवताना, अडचण बहुधा मालकीची असते. बंडलमधली प्रत्येक फाइल रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) मालकाची आणि व्हील या सिस्टिम गटाची हवी. मालकी बदलणाऱ्या चाउन -आर ने ते होतं. केक्स्टयूटिल या आज्ञेला -एन -टी दिलं तर काही न चढवता नकाराचं कारण छापून येतं. प्रत्यक्ष चढवणाऱ्या केक्स्टलोडच्या आधी हे करावंच. शिवाय १०.१३पासून सिस्टिम प्रेफरन्सेसमधल्या सिक्युरिटी अँड प्रायव्हसीत 'अलाउ' दाबावं लागायचं, आणि ते बटण ३० मिनिटंच दिसायचं. वेळ गेली तर पुन्हा लोड करून पाहावं लागायचं.

मॅकओएस बिग सरपासून (११) हीच कामं केएमयूटिल या आज्ञेकडे गेली. ॲपलच्या एम१ चिपच्या मॅकवर तर आधी रिकव्हरी मोडमध्ये जाऊन 'रिड्यूस्ड सिक्युरिटी' निवडावी लागते आणि केक्स्ट रीस्टार्टनंतरच चढतो.

माझ्या मॅकवर रीस्टार्टनंतर एकच, ॲपलच्या ड्रायव्हरचा पोर्ट उरला. त्याचं नाव जुन्यापेक्षा वेगळं असतं, त्यामुळे आर्डुइनोच्या मेनूत तो पुन्हा निवडल्याशिवाय अपलोड होत नाही.