खडा दीड तासात, कागद 19 दिवसांत

घोड्याच्या मूत्राशयातला खडा ओळखणं फार अवघड नाही. आमचा 14 वर्षांचा खस्सी, कुमैत रंगाचा घोडा फेरीवरून आला की लघवीत रक्त टाकायचा आणि लिंग बाहेर सोडून थेंबथेंब मुतत उभा राहायचा. डॉक्टरांनी गुदद्वारातून मनगटापर्यंत हात घातला आणि खडा लागला. सोनोग्राफीत तो साधारण 7 सेंटिमीटरचा निघाला. हे सगळं एका सकाळी उरकलं.

मग शस्त्रक्रियेआधी दवाखान्याने ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निगेटिव्ह रिपोर्ट मागितला. मागणी रास्तच आहे. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि 2009 च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्याची संदर्भ प्रयोगशाळा. चीड आली ती नमुना आणि अर्ज ज्या स्थानिक खिडकीतून पुढे जातात, तिथे.

रक्ताचा पहिला नमुना लाल झाला म्हणून परत आला. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, पिवळसर, स्वच्छ हवं. सिरिंजमधलं रक्त सुईतूनच जोर लावून नळीत सोडलं, किंवा नळी स्कूटरच्या डिकीत हिंदकळली, की रक्तपेशी फुटतात. सुई काढून रक्त नळीच्या कडेने हळू सोडा, गोठेपर्यंत नळी हलवू नका, सिरम त्याच दिवशी वेगळं करून बर्फावर ठेवा. बर्फ सिरमला, रक्ताला नव्हे. बर्फाने थिजलेल्या रक्तातल्या पेशीही फुटतातच.

दुसरा नमुना चांगला होता, अर्ज परत आला. घोड्याच्या ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपच्या कागदावर रंग ‘बे’ (कुमैतचं इंग्रजी नाव), खिडकीवरच्याने अर्जात लिहिला ‘तपकिरी’. शिवाय मागचा डावा पाय पांढरा असल्याची नोंद एका कागदावर होती, दुसऱ्यावर नव्हती. मी म्हटलं, अहो, घोडा तोच आहे, चिप नंबर जुळतोय. उत्तर मिळालं, ‘वर्णन जुळलं पाहिजे.’ आठवडा त्यात गेला. खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज लागतो, आणि सही करणारे साहेब रोज नसतात, हेही तिथेच कळलं. म्हणून अर्ज भरण्याआधी चिपचा कागद समोर ठेवा. रंग, कपाळावरचा टिळा, भोवरे, पांढरे पाय, सगळं त्याच शब्दांत उतरवा. अर्ज दुसऱ्याने भरला तर तिथेच उभं राहून वाचून घ्या.

मधल्या दिवसांत लघवी पूर्ण थांबली तर मात्र कागदाची वाट पाहू नका. घोड्याची मूत्रनळी लांब आणि अरुंद, खडा तिथे अडकला तर मूत्राशय फुटू शकतं. घोडीची आखूड आणि रुंद असते, तिचा लहान खडा बऱ्याचदा चीर न देता हातानेच निघतो.

शस्त्रक्रिया उभ्यानेच झाली. गुंगीचं इंजेक्शन, शेपटीच्या मुळाशी मणक्यात एपिड्युरल भूल, मूत्रनळीत कॅथेटर, आणि त्याच्या आधाराने गुदद्वाराच्या खाली मधोमध चीर. घोड्यांचे बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे, पिवळसर, काटेरी आणि चिमट्याने फुटणारे. गुळगुळीत पांढरा असता तर तो कठीण असतो, मग पोट उघडावं लागलं असतं आणि पूर्ण भूल द्यावी लागली असती. भुलीतून उठताना घोडा पाय मोडून घेऊ शकतो, त्यामुळे मला उभ्यानेच हवं होतं. तुकडे काढल्यावर सलाइनने भरपूर धुवून घ्यायला लावा आणि शेवटी एंडोस्कोप (कॅमेऱ्याची बारीक नळी) घालून बघायला सांगा. राहिलेला प्रत्येक कण पुढच्या खड्याचं बी असतो.

चीर शिवत नाहीत, तिथून काही दिवस लघवी गळते, साधारण 2-3 आठवड्यांत ती बुजते. मांड्यांना आतून व्हॅसलिन लावा, नाहीतर कातडी सोलते.

लसूणघास बंद. त्यात कॅल्शियम खूप, आणि घोडा जादाचं कॅल्शियम लघवीतूनच टाकतो. सुकं गवत द्या, चंदीत रोज 50-75 ग्रॅम मीठ घाला, म्हणजे पाणी जास्त पितो. लघवी आम्लधर्मी करायला अमोनियम क्लोराइड देतात, पण चव इतकी वाईट की आमच्याने चंदीच सोडली.

हो, राहिलंच. वेदनाशामक फिनाइलब्युटाझोन देण्याआधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, मूत्रपिंडातही खडे असू शकतात. आणि गाडीत चढवण्यापूर्वी घोडा प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्या, 1978 च्या वाहतूक नियमांत तो आहे. त्यावरही रंग ‘बे’च लिहून घ्या.