डायमंडबॅकने कोलोनिया: आठ रात्री, पावणेचारशे उड्या

जुलैचा पाऊस लागला की कोल्हापुरात रात्री बाहेर पडायचं काम नसतं. जेवण झालं की मी 'एलिट डेंजरस' हा अंतराळयानांचा व्हिडिओ गेम सुरू करतो. यंदा ठरवलं होतं, त्यातली कोलोनिया ही लांबची वस्ती गाठायची, आणि तीही डायमंडबॅक एक्सप्लोरर या छोट्या यानानेच. आमच्या ग्रुपमध्ये लांबच्या प्रवासाला आता सगळे मंडाले नावाचं यान काढतात. टिळकांच्या तुरुंगामुळे आपल्याला पाठ असलेलं तेच नाव. २०२४ मध्ये आलेलं हे यान उत्तम आहे, वाद नाही. पण त्याच्या नादात डायमंडबॅक कोणी विकतसुद्धा घेईना, याचं मला खरंच वाईट वाटतं. साधारण १९ लाख क्रेडिटचं (खेळातल्या पैशांत) यान, एस्प एक्सप्लोरर हे दुसरं यान त्याच्या तिपटीहून महाग.

"भावा, ह्या डबड्यातनं जाणार व्हय?" मित्राने विचारलं. गंगावेशीत दूध घेऊन येणाऱ्या गवळ्यांच्या जुन्या एम-८० आठवा. दिसायला काही नाही, पण किटल्या लादून चिखलातनं बरोब्बर वेळेवर हजर. डायमंडबॅक त्यातलं आहे.

सूर्यापासून कोलोनिया सुमारे २२,००० प्रकाशवर्षं. २०१६ मध्ये आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाच्या बीगल पॉइंटला निघालेलं जॅक्स हे अंतराळस्थानक उडी (एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंतची झेप) चुकून तिथं पोचलं आणि त्याच्याभोवती ही वस्ती उभी राहिली. माझी एक उडी ६० प्रकाशवर्षांच्या थोडी वर जात होती. त्यासाठी खेळातली इंजिनियर फेलिसिटी फारसीर हिच्याकडून एफएसडी, म्हणजे उडी मारणारं इंजिन, ग्रेड ५ पर्यंत सुधारून घेतला आणि उडी लांबवणारा गार्डियन बूस्टर बसवला. फारसीर जिथं असते ते डेसिएट गाठताना सोलो मोडच (इतर खेळाडू न दिसणारा) ठेवा. तिथं येणाऱ्यांना टिपायला लोक टपून बसलेले असतात.

माझी मांडणी अशी होती: चार आकाराच्या एका खणात फ्यूल स्कूप (ताऱ्यातून इंधन ओढणारं यंत्र), दुसऱ्यात बूस्टर, तीनमध्ये शील्ड आणि दुरुस्तीचं युनिट, दोनमध्ये एसआरव्ही (ग्रहावर फिरायची गाडी) आणि आणखी एक दुरुस्तीचं युनिट. दुरुस्तीची ही युनिटं दोन कशाला, असं वाटेल. पण एक युनिट स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही, म्हणून दुसरं लागतं.

आता या यानाचा खरा गुण. ते तापत नाही. ताऱ्याला घासून इंधन भरायचं आणि भरता भरताच पुढच्या उडीची तयारी सुरू करायची, हे बहुतेक यानांत धाडसाचं काम. उष्णतेचा आकडा शंभराच्या पुढे गेला की आतले भाग जळायला लागतात. दुसऱ्या रात्री एका पांढऱ्याशुभ्र ए वर्गाच्या ताऱ्यापाशी मी मुद्दाम आकडा बघत बसलो. स्कूपचा घरघराट चालू, काचेभर उजेड, एफएसडी चार्ज होतोय, आणि यान शांत. प्रत्येक उडीमागे वाचलेली ती काही सेकंदं पावणेचारशे उड्यांत किती होतात, ते रात्री दीड वाजता कळतं. उणी बाजू म्हणजे टाकी जेमतेम १६ टनांची. आणि एस्पच्या काचेतून दिसतं तसं मोकळं दृश्य इथं नाही.

गगनबावड्याला निघालेला माणूस कळ्यातच टाकी फुल्ल करतो, तसं इथंही वागायचं. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम याच वर्गांच्या ताऱ्यांतून इंधन मिळतं. नकाशात तेवढाच फिल्टर लावा. एल, टी, वाय या तपकिरी बटूंपाशी काही मिळत नाही. अडकलातच तर खेळातून बाहेर पडून फ्यूल रॅट्सना हाक मारा. ही खेळाडूंचीच मंडळी, कुठंही इंधन घेऊन येतात.

चौथ्या रात्री न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात शिरलो. तिथं चार्ज झालेली पुढची उडी चौपट लांब जाते. पण मी ताऱ्याच्या फार जवळून शिरलो, सुपरक्रूझ (ताऱ्याभोवती वेगानं फिरायचा मोड) तुटला आणि यान झोतात गरागरा फिरायला लागलं. बाहेर पडेपर्यंत एफएसडीला चांगलाच मार बसला होता. झोताच्या टोकाकडूनच शिरा, वेग कमी ठेवा. श्वेतबटूच्या वाटेला तर जाऊच नका, दीडपट उडीसाठी तेवढा धोका परवडत नाही.

सहाव्या रात्री ऐन उडीत लाईट गेली. सोलोमध्येसुद्धा या खेळाला इंटरनेट लागतंच, त्यामुळे पावसाळ्यात राऊटर इन्व्हर्टरवर घ्या.

एके ठिकाणी खडकाळ उतारावर उतरलो. मोठ्या यानाला तिथं सपाट जागाच सापडली नसती. डायमंडबॅक दोन सुळक्यांच्या मध्ये बसलं आणि एसआरव्ही थेट घळीत उतरली.

डायमंडबॅक नकोच असेल तर डॉल्फिन बघा. तेही थंड, लहान पॅडवर उतरतं, शिवाय प्रवासी नेता येतात. लढाईची आवड असेल तर कीलबॅक घ्या, आत फायटर (छोटं लढाऊ यान) ठेवता येणारं सगळ्यात स्वस्त यान.

जॅक्स स्टेशनला उतरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे शोधलेल्या ग्रहताऱ्यांचा डेटा विकणं. यान फुटलं तर विम्यात यान किमतीच्या पाच टक्क्यांत परत मिळतं, न विकलेला डेटा मात्र गेलाच. इथून आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सॅजिटॅरियस ए सुमारे ११,००० प्रकाशवर्षं आहे, आणि त्याच्या जवळच एक्सप्लोरर्स अँकरेज या स्थानकाला दुरुस्तीची सोय आहे. पाऊस अजून महिनाभर आहे.