चिनी कवितांचे तारे : श्रावण ते चैत्र

श्रावण. शुद्ध सप्तमीला चिनी कथेतलं ताटातूट झालेलं जोडपं, विणकरीण (आपला अभिजित तारा) आणि गुराखी (आपला श्रवण तारा), आकाशगंगा ओलांडून भेटतात म्हणून गच्चीवर चढले. धो धो पाऊस. त्या रात्री पडणारा पाऊस म्हणजे त्या दोघांचे अश्रू, अशी तिकडची समजूत. तिसऱ्या रात्री तासभर उघडीप मिळाली. श्रवणाच्या दोन बाजूंचे मंद तारे म्हणजे गुराख्याने कावडीत घातलेली त्याची दोन लेकरं. आपणही याच तिघांत श्रवणबाळाची कावड बघतो, पण तिच्यात आईबाप बसलेले!

कार्तिक. आकाश स्वच्छ, पण बराच वेळ वाचनातच गेला. 'शिजिंग' या चिनी कवितांच्या सर्वांत जुन्या संग्रहात ही प्रेमकथा सापडेल असं धरून चालले होते. सापडलं गाऱ्हाणं. चौ राजवटीच्या करांनी नागवलेली पूर्वेकडची माणसं म्हणतात, आमचे माग रिकामे पडलेत, आणि आकाशातली विणकरीण दिवसात सात मुक्काम हलते तरी तिच्या हातून कापड उतरत नाही. ताऱ्यांमधला बैल गाडी ओढत नाही, ताऱ्यांच्याच दक्षिणेच्या सुपाने पाखडता येत नाही, उत्तरेच्या पळीने दारू वाढता येत नाही. नावं मोठी, काम शून्य. मला ही कविता फार आवडली.

पुढे हान राजवटीच्या काळातल्या 'एकोणीस जुन्या कवितां'पैकी एकीत विणकरीण पुन्हा येते. दिवसभर माग चालवूनही कापड पुरं होत नाही, हे तिथेही आहेच. फक्त आता ती रडते आहे, कारण मधली आकाशगंगेची नदी उथळ असली तरी पलीकडच्याशी बोलता येत नाही. अपुरं कापड तेच राहिलं, कारण बदललं. टोमण्याचा विरह कसा झाला, हे या एका धाग्यावरून दिसतं.

चैत्र. आता मृग आणि ज्येष्ठा. जुन्या चिनी कथेत दोन भाऊ रोज हत्यारं घेऊन भांडत, म्हणून राजाने त्यांना दूर दूर धाडून एकेका ताऱ्याची जबाबदारी दिली. एक उगवला की दुसरा मावळतो. तांग काळातला कवी दू फू याची इ.स. 759 सालची मानली जाणारी कविता इथूनच सुरू होते : माणसं भेटत नाहीत, जणू हे दोन तारे. पण कविता आहे भेटीची! वीस वर्षांनी मित्राचं घर, रात्रीच्या पावसात खुडलेली कोवळी पात, एकामागून एक दहा पेले. उद्या पुन्हा डोंगर आड येणार.

एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेदहाला गावाबाहेरच्या माळावर उभी राहिले. पश्चिमेला मृगातला काक्षी क्षितिजापासून आठेक अंश वर, आग्नेयेला ज्येष्ठा जेमतेम पाच. धुरकट, पण दोघेही एकाच वेळी! चीनमधलं जुनं शहर लुओयांग 34 अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे, तिथे ज्येष्ठा उशिरा वर येते आणि ही गाठ फारच थोडा वेळ टिकते. आपल्या 18 अंशांवर जवळपास तासभर मिळतो. अकरानंतर काक्षी धुरात गेला. बायनॉक्युलरने शोधला, नाही मिळाला.