तारा फुटतो, तरी जोडी टिकते कशी?

क्ष-किरण जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या आणि क्ष-किरण फेकणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या, यांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: जोडीतला एक तारा सुपरनोव्हा होऊन फुटलेला असतो, मग दुसरा त्याच्यापासून सुटून का जात नाही?

शंका रास्त आहे. स्फोटात जोडीचं निम्म्याहून अधिक वस्तुमान एकदम उधळलं गेलं, तर उरलेल्या दोघांना गुरुत्वाकर्षण सहसा बांधून ठेवू शकत नाही. बऱ्याच जोड्या तुटतातच. ज्या वाचतात त्या देवाणघेवाणीमुळे. जड तारा आधी म्हातारा होतो, फुगतो आणि फुटण्याआधीच त्याचे बाहेरचे थर जोडीदाराकडे वाहून जातात. स्फोटाच्या घटकेला मूळचा जड तारा दोघांतला हलका झालेला असतो! या शास्त्रातलं माझं सर्वांत आवडतं उत्तर हेच.

मागे फुटलेल्या ताऱ्याचा अतिशय दाट गाभा, म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरतं. आता वायू उलट्या दिशेने, जोडीदाराकडून त्याच्याकडे येतो, एक कोटी अंशांच्या घरात तापतो आणि क्ष-किरण फेकतो. हंस तारकासमूहातल्या हंस एक्स-१ या जोडीत सुमारे २१ सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर आणि एक निळा महाराक्षसी तारा ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. असे जड जोडीदार काही कोटी वर्षांतच संपतात, म्हणून या जोड्या दीर्घिकेत नवे तारे जन्मत असतात तिथेच दिसतात. त्यांच्या क्ष-किरणांवरून ताऱ्यांच्या जन्माचा वेग काढता येतो.

जोडीदार सूर्याएवढा किंवा त्याहून लहान असेल, तर गोष्ट अवघड होते. १९६२ मध्ये सापडलेला वृश्चिक एक्स-१ या जातीचा. इथे स्फोटाआधी जड ताऱ्याकडून येणारा एवढा वायू लहान तारा पचवू शकत नाही. फुगलेल्या ताऱ्याचं आवरण दोघांनाही गिळतं, लहान तारा त्यातून आत आत सरकतो, आणि आवरण बाहेर फेकलं जातं, म्हणून स्फोटात उधळायला कमी वस्तुमान उरतं. नवे तारे फारसे जन्मत नाहीत अशा लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये अशाच म्हाताऱ्या जोड्या भेटतात. गोलाकार तारकागुच्छांमध्ये तर त्यांची दाटी आहे, कारण तिथल्या गर्दीत एकट्या न्यूट्रॉन ताऱ्यालाही जोडीदार पकडता येतो.

आणि शेवट? पडणारा वायू न्यूट्रॉन ताऱ्याला गरगर फिरवतो, सेकंदात शेकडो फेऱ्या. वायू आटला की तो रेडिओ स्पंदक होतो, म्हणजे त्याच्याकडून रेडिओ लहरींचे नियमित ठोके येतात. २०१३ मध्ये एम २८ या तारकागुच्छातला एक न्यूट्रॉन तारा क्ष-किरणांत स्पंदताना सापडला. रेडिओ स्पंदक म्हणून तो आधीच नोंदलेला होता, आणि काही आठवड्यांतच पुन्हा रेडिओत दिसू लागला.