मुलाचा फुटबॉल क्लब बदलला, त्याची गोष्ट

माझं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. फुटबॉल शिकायला पैसे भरावे लागतात हे मला लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे तालमींचेच फुटबॉल संघ असतात. त्या तालमीच्या पोरांमागून गल्लीतली लहान पोरं आपसूक मैदानावर जायची, थोरल्यांचे वापरलेले बूट पुढं कागद कोंबून घालायची. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारनंतर पेठेत पुरुष माणूस दिसायचं नाही. वर्ल्ड कपच्या महिन्यात आमच्या गल्लीवर ब्राझीलचे झेंडे आणि शेजारच्या गल्लीवर अर्जेंटिनाचे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, तरुणपणी डावा बॅक खेळायचे. आजही उभं राहताना डावा पाय पुढे असतो.

त्यामुळे जून २०२२ मध्ये साडेनऊ वर्षांच्या मुलाला पुण्यात एका अकादमीत घालताना मी फार चौकशी केली नाही, हे आधीच सांगते. हिरवंगार टर्फ, फ्लडलाइट, मुलांच्या पाठीवर नंबर आणि आडनाव. वर्षाची फी ३६ हजार, किट ४,५००, स्पर्धांचे पैसे वेगळे. आम्ही भरले. मुलगा त्या रात्री जर्सी घालूनच झोपला.

पहिलं वर्ष आनंदात गेलं. दुसऱ्या वर्षी स्पर्धा सुरू झाल्या आणि दर रविवारी आण्णांचा फोन यायला लागला. निकाल काय लागला, गोल कुणी केला, हे ते विचारत नसत. "किती मिनटं खेळला?" एवढंच. मी म्हणायचे, खेळला की, शेवटी शेवटी घेतलं होतं. "शेवटी शेवटी म्हंजे किती? घड्याळ न्हाई व्हय हातात?" मग मी एक वही केली. तारीख, समोरचा संघ, सामना किती मिनिटांचा, आपला किती मिनिटं मैदानात.

मार्च २०२४ पर्यंत त्या वहीत १७ सामने झाले होते. प्रत्येक सामना ४० मिनिटांचा, म्हणजे एकूण ६८० मिनिटं. माझा मुलगा त्यांतली १४३ मिनिटं खेळला होता. पाच सामन्यांत त्याला उतरवलंच नव्हतं. त्यातले दोन सामने पुण्याबाहेर होते. पहाटे चारला डबा करून आम्ही त्याला बसमध्ये बसवून दिलं होतं. प्रत्येक स्पर्धेचे १,२०० रुपये आम्ही खेळणाऱ्या मुलाइतकेच भरले होते. बेरीज केली त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा जास्त वाईट एका गोष्टीचं वाटलं: हा मुलगा दर रविवारी घरी येऊन "मजा आली" म्हणायचा, आणि मी ते खरं मानत होते.

मी सरांना भेटायला गेले. वही नेली, पण पिशवीतून काढली नाही. सर बोलायला चांगले होते, आणि त्यांनी जे सांगितलं ते मनापासून सांगितलं असं मला अजूनही वाटतं. म्हणाले, "ताई, तो अजून अंगानं लहान आहे. मोठी मुलं उतरवली नाहीत तर आम्ही हरतो, आणि हरलो की पुढच्या जूनमध्ये पालक दुसरीकडे जातात." त्यांच्यावर फ्रँचायझीच्या मालकाचा दबाव होता, तोही दिसत होता. पण त्या उत्तरात माझ्या मुलाची जागा कुठेच नव्हती.

अंगानं लहान, या शब्दांवर मी बरेच दिवस विचार केला. माझा मुलगा नोव्हेंबर २०१२ चा. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा धरतात, त्यामुळे जानेवारी २०१२ चा मुलगाही त्याच्याच गटात खेळतो. अकरा-बाराव्या वर्षी दहा महिने म्हणजे कधीकधी अर्धी वीत उंची आणि कितीतरी ताकद. अनेक देशांतल्या अभ्यासांत हेच दिसलं आहे की लहान वयाच्या निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं फार जास्त आणि शेवटी जन्मलेली फार कमी असतात. आमच्या संघाची यादी भिंतीवर लावलेली होती, जन्मतारखांसकट. चौदापैकी नऊ मुलं जानेवारी ते एप्रिलमधली. कौशल्य म्हणून जे निवडलं जात होतं त्यात मोठा वाटा नुसत्या कॅलेंडरचा होता, आणि ते कुणी मुद्दाम करत नव्हतं.

आणखी दोन गोष्टी तेव्हाच लक्षात आल्या. ऑफिसात फ्रेम करून लावलेलं कोचिंग लायसन्स मुख्य कोचचं होतं. रोज संध्याकाळी चाळीस मुलांना सांभाळायला मात्र कॉलेजातले दोन तरुण असायचे. ते प्रेमळ होते, पण कोचिंग लायसन्सची सुरुवातीची डी पायरीसुद्धा त्यांनी केलेली नव्हती. दुसरी गोष्ट हेडिंगची. नऊ-दहा वर्षांची मुलं रांगेत उभी करून वरून फेकलेला चेंडू डोक्यानं मारायचा सराव चालायचा, एकेकाला वीस-वीस वेळा. डोक्याला इजा होऊ नये म्हणून अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलं आहे. मी हे सांगितल्यावर "आपल्याकडे असं काही नाही" एवढंच उत्तर मिळालं.

आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले, मोठ्या नावाच्या ठिकाणी टाका, पुढे रस्ता मिळतो. मला ते पटलं नाही, कारण मी पुण्यात राहते. इथला पुणे एफसी हा क्लब देशपातळीवरच्या आय-लीगमध्ये खेळायचा, त्यांची तरुण मुलांची टीम देशात नावाजलेली होती. डीएसके शिवाजियन्स या क्लबनं इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या नावाची अकादमी काढली होती. एफसी पुणे सिटी २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये होतं. २०१९ पर्यंत यातलं एकही व्यावसायिक फुटबॉलमध्ये उरलं नव्हतं. खर्च झेपत नाही, मालक बदलतात, हे समजू शकते मी. पण नावावर भरवसा ठेवून मुलांच्या शाळा बदललेले पालक तेव्हा याच शहरात होते. उलट आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

मे महिन्यात मी मुलाला न सांगता चार मैदानं पाहिली. ऑफिस सुटल्यावर, मंगळवार किंवा बुधवारी, कारण शनिवारी सगळेच छान वागतात. ऑफिसात चौकशी करायला गेलेच नाही. कुंपणाबाहेर उभी राहून एकाच मुलाकडे पाहत बसायचे, तेही बॅचमधल्या सर्वांत कच्च्या मुलाकडे. दहा मिनिटांत त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो? रांगेत उभं राहण्यात किती वेळ जातो? त्यानं चूक केली की कोच काय बोलतात, आणि बाकीची मुलं काय बोलतात? एका नामांकित ठिकाणी अशा मुलाच्या पायाला दहा मिनिटांत तीनदाच चेंडू लागला. चौथ्या मैदानावर, महापालिकेच्या मुरमाच्या पटांगणात, जुन्या खेळाडूंनी चालवलेल्या एका छोट्या क्लबमध्ये मी मोजणं सोडून दिलं, इतका तो खेळत होता. चार-चार मुलांचे छोटे सामने, हरलेल्यांनी मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा करायचे. महिन्याला ९०० रुपये. फ्लडलाइट नाहीत, अंधार पडला की घरी.

मुलाला तीन आठवडे नुसतं जाऊन बघ म्हटलं. पहिल्या दिवशी गुडघे फोडून आला. चौथ्या दिवशी मला न विचारता सायकलनं गेला.

खरी परीक्षा त्यानंतर होती. लीगमध्ये खेळायचं तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणीत खेळाडूचं नाव हवं. माझ्या मुलाची नोंदणी जुन्या अकादमीनं केली होती. फॉर्मवर सही आम्हीच केली होती, फीच्या पावतीबरोबर, न वाचता. आता नव्या क्लबनं बदलीची विनंती टाकली की ती जुन्या क्लबकडे जाणार आणि त्यांनी होकार द्यायचा. विनंती गेली, आणि तिथेच राहिली.

पहिला आठवडा "सर बाहेरगावी आहेत". दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, मुलाला घडवण्यात क्लबचा खर्च झालाय, तेव्हा काही रक्कम भरावी लागेल. मी घाबरले, मग वाचायला बसले. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत असा मोबदला आहे, पण तो खेळाडू पुढे व्यावसायिक करार करतो तेव्हाचा. बारा वर्षांच्या वयापासून ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांना तो करार करणारा क्लब देतो. अकरा वर्षांच्या, फी भरून शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी द्यायचा तो पैसा नव्हेच.

फोनवर बोलणं मी बंद केलं. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक साधं पत्र लिहून दिलं. मुलाचं नाव, नोंदणी क्रमांक, कोणत्या तारखेला विनंती गेली, फी पूर्ण भरल्याच्या सगळ्या पावत्यांच्या प्रती, आणि सात दिवसांत उत्तर मिळावं ही विनंती. एकही वाकडा शब्द नाही. प्रत फुटबॉल संघटनेला. ते मी हातात नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ज्या पालकांना यातून जायचंय त्यांना माझं सांगणं एवढंच, की पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. आमच्या दोन पावत्या सापडत नव्हत्या आणि त्यांच्यापायी चार दिवस बँकेच्या नोंदी उपसाव्या लागल्या.

तेवढ्यात नव्या क्लबच्या सरांनी दाखवलं की कागदांतच घोळ आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलाचा जन्मदाखला कोल्हापूर महानगरपालिकेचा. नोंद कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत झालेली, पण बारसं सव्वा महिन्यानं. दाखल्यात मुलाचं नावच नव्हतं, नुसतं लिंग, तारीख आणि आईवडिलांची नावं. शाळेत आणि आधारला आजवर अडलं नव्हतं. इथे अडलं, आणि ते बरोबरच आहे असं मी म्हणेन, कारण वय चोरणं हा आपल्याकडच्या फुटबॉलचा जुना रोग आहे. उशिरा काढलेल्या दाखल्यांकडे म्हणूनच संशयानं बघतात, आणि वरच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून, टीडब्ल्यू३ पद्धतीनं हाडांचं वय तपासतात. आधी मला त्या एक्स-रेचा राग यायचा. पण नोव्हेंबरच्या बारक्या मुलाची आई म्हणून आता वाटतं, जरूर काढा.

नाव घालण्यासाठी आण्णा स्वतः महापालिकेत गेले. वय ७४, गुडघा दुखरा. तीन खेपा झाल्या. आमचं लग्नाचं प्रमाणपत्र, मुलाचा शाळेचा दाखला, अर्ज. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी विचारलं, एवढी घाई कशाची? आण्णा म्हणाले, "पोरगं बाहेर बसलंय, म्हणून." नवा दाखला त्यांनी कुरियरनं पाठवला नाही. एसटीत बसून स्वतः घेऊन आले.

पत्राला उत्तर आलं नाही. पण विनंती टाकल्यापासून ३८ व्या दिवशी सकाळी नव्या सरांचा मेसेज आला, मंजुरी दिसतेय. तोपर्यंत लीगचे तीन सामने होऊन गेले होते. त्या तिन्ही सामन्यांना मुलगा गेला होता, रेषेबाहेर गेलेले चेंडू आणून देत होता. मी एकदा म्हटलं, नको जाऊस रे, वाईट वाटेल. तो म्हणाला, "आई, इथे बाहेर असलो तरी सर मला नावानं हाक मारतात."

चौथ्या सामन्याला पाऊस होता. मुरमाचा चिखल झालेला, चेंडू मध्येच थांबायचा. आम्ही ४-१ हरलो. मुलगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानात होता, ५० मिनिटं. एक गोल त्याच्याच चुकीनं झाला. शिट्टी वाजल्यावर तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ तिथेच उभा राहिला. घरी आल्यावर अंघोळही न करता त्यानं आजोबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आण्णा, पूर्ण पन्नास मिनिटं!"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग आण्णा म्हणाले, "बरं. आणि शेवटची दहा मिनटं पळत हुतास का चालत हुतास?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "चालत होतो."

"मग सकाळी साडेपाचला उठायचं. मी बी हितं उठतो, फोन करतो."