पॉइंट्सवर घेतलेली गाडी आणि उरलेले बिल

विमान दीड तास उशिरा उतरले आणि आम्ही भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरपाशी पोहोचलो तेव्हा पुढे सात जण उभे होते. मी मात्र निश्चिंत होते. कामानिमित्तच्या फिरतीतून गाडी कंपनीच्या बक्षीस योजनेत साठलेले बहुतेक पॉइंट्स खर्च करून मी 4 दिवसांचे बुकिंग केले होते आणि भाड्याच्या रकान्यात ठळक शून्य होते. त्या शून्याखालची ‘कर व इतर आकार वेगळे’ ही बारीक अक्षरांतली ओळ मी वाचली होती. तिचे वजन मात्र जोखले नव्हते.

काउंटरवरच्या मुलीने करारनाम्याचा कागद माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एकेक ओळ दाखवली. मूळ भाडे शून्य. त्याखाली, विमानतळावर धंदा करू देण्याबद्दल कंपनी विमानतळाला जे देते त्याची ग्राहकाकडून वसुली; गाड्यांच्या इमारतीसाठी आणि तिथवर नेणाऱ्या बससाठी दर दिवसाचा ठरावीक आकार; गाडीच्या नोंदणीखर्चातला वाटा; आणि शेवटी कर. दादाही गाडी चालवणार असल्यामुळे दुसऱ्या चालकाचा रोजचा आकार त्यात मिळवला गेला. दादा मागून हळूच म्हणाला, “म्हणजे कोंबडी फुकट, मसाल्याचे पैसे.”

यात फसवणूक नव्हती, आणि रांगेत उभे राहून विचार करता त्यामागचे कारणही कळले. गाडी कंपनीच्या स्वतःच्या योजनेतले पॉइंट्स बहुधा फक्त मूळ भाडे फेडतात, कारण कंपनी सोडून देऊ शकते ती स्वतःची कमाई. विमानतळाचा आणि सरकारचा हिस्सा तिला द्यावाच लागतो आणि तो ती आपल्याकडून घेते. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स बँकेच्या संकेतस्थळावरून वापरले तर ते पुष्कळदा पैशासारखेच धरले जातात आणि बुकिंगच्या वेळी दाखवलेले करही त्यांतून वळते होतात. तरीही काउंटरवर वाढलेली कोणतीही गोष्ट तिथेही खिशातूनच जाते.

मग विम्याचा प्रश्न आला. गाडीच्या नुकसानीची जबाबदारी माफ करणारे कंपनीचे संरक्षण दर दिवसाच्या हिशोबाने घ्यायचे की नाही, असे तिने विचारले. माझ्या कार्डावर असे संरक्षण आहे, पण ते मिळण्यासाठी भाडे त्याच कार्डाने भरलेले असावे लागते, आणि भाडेच शून्य असेल तर काय, हा पेच मी निघण्यापूर्वी बँकेला फोन करून सोडवून घेतला होता. उरलेले आकार त्याच कार्डावर भरा, संरक्षण लागू राहील, असे उत्तर मी लेखी मागून घेतले होते. दुसऱ्याच्या गाडीला किंवा माणसाला इजा झाली तर मात्र असे कार्ड सहसा कामाला येत नाही, म्हणून त्यापुरता विमा मी वेगळा घेतला आणि बाकीच्याला नम्रपणे नकार दिला. भाडे शून्य असूनही कार्डावर अनामत रक्कम अडकवली गेलीच.

चार दिवस गाडीने काही कुरबूर केली नाही. माझे लक्ष मात्र घड्याळाकडे होते, कारण भाड्याचा दिवस तारखेने नव्हे, तर गाडी ताब्यात घेतल्यापासूनच्या 24 तासांनी मोजला जातो, आणि थोडी सवलतीची मिनिटे उलटल्यावरचा जादा वेळ पॉइंट्सच्या कक्षेबाहेर जातो. परतीच्या दिवशी काटा ‘भरलेली’च्या रेषेच्या केसभर खाली दिसला, तेव्हा दादाच्या तोंडावरचा वैताग न पाहता मी गाडी पुन्हा पेट्रोल पंपाकडे वळवली. टाकी कमी भरलेली निघाली तर कंपनी स्वतःच्या दराने इंधन भरते आणि तो दर पंपावरच्या दराहून बराच चढा असतो. भरल्याची पावती आणि काट्याचा फोटो, दोन्ही मी जपून ठेवले.

घरी आल्यावर हिशोब मांडला. आम्ही गेलो ते दिवस मंदीचे, मूळ भाडे मुळातच कमी; त्यामुळे पॉइंट्सनी वाचवलेली रक्कम एकूण बिलाच्या निम्मीही भरली नाही. हेच पॉइंट्स भाडे चढलेल्या दिवसांत मोडले असते तर जास्त फळले असते, पण गर्दीच्या काही तारखांना ते चालतच नाहीत. तीन आठवड्यांनी टोलचे पैसे कार्डावर पडले, आणि त्यांच्यासोबत टोलचे यंत्र वापरल्याचा रोजचा आकार. त्याबद्दल मी काउंटरवर विचारायला विसरले होते.

खात्यात अजून 1 मोफत दिवस शिल्लक आहे आणि तो वर्षअखेर बाद होईल. विमानतळाचा हिस्सा टळावा म्हणून तो शहरातल्या शाखेतून घ्यायचा विचार आहे. मात्र ती शाखा रविवारी बंद असते, तेव्हा शनिवारी घेतलेली गाडी परत कधी करायची, हे आधी ठरवावे लागेल.